हृदयातील छिद्र : भीती नको, पण वेळही दवडू नका

बाळाच्या हृदयाला छिद्र आहे, असे डॉक्टरांनी सांगताच सगळ्या घराच्या पायाखालची जमीन सरकते. पण प्रत्येक छिद्र जीवघेणे नसते. काही आपोआप बुजतात, काहींवर नुसते लक्ष ठेवावे लागते, तर काही वेळेवर बुजवली की मूल चारचौघांसारखे आयुष्य जगते. प्रश्न असतो तो ही वेळ ओळखण्याचा.

१४ फेब्रुवारी १९३३ रोजी दिल्लीत जन्मलेल्या मुमताज जहान या मुलीला पुढे साऱ्या देशाने मधुबाला या नावाने ओळखले. पडद्यावरचे तिचे हास्य पाहून कुणाला शंकाही आली नसती की, या मुलीच्या हृदयातील पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. १९५४ साली मद्रासमध्ये ‘बहुत दिन हुए’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना तिच्या खोकल्यातून रक्त पडले आणि आजाराची जाणीव झाली. १९६० साली ‘मुघल-ए-आझम’ प्रदर्शित झाला. त्याच वर्षी किशोरकुमारशी लग्न झाल्यावर उपचारांसाठी ती लंडनला गेली, पण तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे सांगितले. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी तिचे निधन झाले.

ज्या १९५४ साली मधुबालेचा आजार उघडकीस आला, त्याच वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेत असे छिद्र शस्त्रक्रियेने बुजवण्याचा पहिला प्रयत्न झाला होता. म्हणजे तिच्या लहानपणी या आजाराला उपायच नव्हता. आणि उपाय आला तेव्हा तिची वेळ निघून गेली होती. आज तसे नाही. आज उपाय हाताशी आहे. तरीही अनेक मुलांची वेळ निघून जाते, कारण घरच्यांना ती कळतच नाही. १४ फेब्रुवारी हाच दिवस आता अनेक देशांत जन्मजात हृदयदोषांविषयी जागृतीसाठी पाळला जातो, हा एक विलक्षण योगायोग.

दर हजार नवजात बाळांपैकी साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. आपल्या देशात अशी दोन लाखांहून अधिक बाळे दरवर्षी जन्माला येतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यापैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचारांची निकड असते. या सर्व दोषांमध्ये सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे हृदयातील छिद्र.

चार खोल्यांचे घर

हृदय म्हणजे चार खोल्यांचे एक घर समजा. वर दोन खोल्या, खाली दोन. उजव्या बाजूच्या खोल्यांत शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त येते आणि ते फुप्फुसांकडे पाठवले जाते. तिथे प्राणवायू घेऊन शुद्ध झालेले रक्त डाव्या बाजूच्या खोल्यांत परत येते आणि तिथून महाधमनीमार्फत साऱ्या शरीराला पुरवले जाते. उजव्या आणि डाव्या बाजूंच्या मध्ये एक भिंत असते. तिला डॉक्टर पडदा म्हणतात. या पडद्यामुळे शुद्ध आणि अशुद्ध रक्त एकमेकांत मिसळत नाही.

हे घर बांधून होते ते आईच्या पोटात, गर्भधारणेच्या पहिल्या आठ आठवड्यांत. अनेकदा दिवस गेले आहेत हे आईला नीट कळेपर्यंत बांधकाम बरेचसे झालेलेही असते. एवढ्याशा जागेत, इतक्या कमी दिवसांत चालणाऱ्या या नाजूक कामात कुठेतरी भिंत पुरी होत नाही आणि भोक राहून जाते.

गंमत म्हणजे गर्भात असताना प्रत्येकाच्याच हृदयात एक वाट मोकळी असते. पोटातले बाळ स्वतः श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू वारेतून मिळतो. त्यामुळे फुप्फुसांकडे फारसे रक्त पाठवण्याची गरज नसते. म्हणून वरच्या दोन खोल्यांच्या पडद्यात एक झडपेसारखी खिडकी असते आणि फुप्फुसधमनी व महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळीही असते. बाळाने पहिला टाहो फोडला, फुप्फुसे हवेने फुगली की ही खिडकी दाबली जाऊन बंद होते. नळीही काही तासांत, फार तर काही दिवसांत आकसून मिटते. निसर्गाची ही व्यवस्था एरवी बिनबोभाट पार पडते.

छिद्रे तीन जातींची

‘हृदयाला छिद्र’ हे एकच नाव आपण सरसकट वापरतो. प्रत्यक्षात छिद्र कुठे आहे आणि केवढे आहे, यावर सारे अवलंबून असते. डॉक्टरांच्या कागदावर साधारणपणे तीनपैकी एक नाव दिसते.

ए.एस.डी. : वरच्या दोन खोल्यांच्या, म्हणजे कर्णिकांच्या पडद्यातील छिद्र. हे मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक आढळते. हा दोष मोठा लबाड असतो. मूल खेळते, शाळेत जाते, कुणाला पत्ता लागत नाही. कधी सर्दी-खोकल्यासाठी गेले असता डॉक्टरांच्या कानांना वेगळा आवाज येतो, तर कधी तिशी-चाळिशीत धाप लागू लागली, हृदयाचे ठोके अनियमित झाले की तपासणीत छिद्र सापडते.

व्ही.एस.डी. : खालच्या दोन खोल्यांच्या, म्हणजे जवनिकांच्या पडद्यातील छिद्र. लहान मुलांत हेच सर्वांत जास्त आढळते. मधुबालेला हाच दोष होता.

पी.डी.ए. : हे खरे तर पडद्यातील छिद्र नव्हेच. जन्मानंतर मिटायला हवी असलेली ती छोटी नळी उघडीच राहते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ही तक्रार विशेष आढळते. अशा बाळांची नळी पुष्कळदा नुसत्या औषधानेही मिटवता येते.

या तिन्हींमध्ये डाव्या बाजूचे शुद्ध रक्त जोराने उजवीकडे किंवा फुप्फुसधमनीत घुसते. त्यामुळे फुप्फुसांत गरजेपेक्षा जास्त रक्त साचते आणि हृदयाला दुप्पट राबावे लागते. मूल निळे मात्र पडत नाही. ओठ, जीभ, नखे निळी दिसणारी बाळे वेगळी. त्यांच्यात छिद्राच्या जोडीला इतर दोष असतात. ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा त्यांतील नेहमी आढळणारा प्रकार. अशी थोडी मोठी मुले खेळता खेळता दमून एकदम उकिडवी बसतात, कारण तसे बसल्याने त्यांना बरे वाटते. मूल निळे पडत असेल, तर एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठावा.

जन्मले तेव्हा तर ठणठणीत होते!

पालकांना न उलगडणारे एक कोडे असते. बाळ जन्मले तेव्हा सगळे ठीक होते, वजन चांगले होते, बारसेही थाटात झाले. मग महिन्या-दीड महिन्यानेच हे संकट कुठून आले?

याचे उत्तर फुप्फुसांत आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. त्यामुळे छिद्र मोठे असले तरी सुरुवातीला त्यातून फारसे रक्त पलीकडे जाऊ शकत नाही. पुढच्या काही आठवड्यांत या रक्तवाहिन्या सैल होतात आणि मग बांध फुटावा तसे रक्त फुप्फुसांकडे धावू लागते. म्हणून मोठ्या व्ही.एस.डी.ची लक्षणे बहुधा चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. सूतिकागृहातून ‘सर्व काही ठीक’ असा शेरा मिळाला म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठीच.

आईच्या डोळ्यांना हे सर्वांत आधी दिसते. बाळ चार घोट पिते, थांबते, धापा टाकते, पुन्हा पिऊ लागते. पिताना त्याच्या कपाळावर घामाचे थेंब येतात. बाळाला दूध ओढणे म्हणजे आपल्याला जिना चढण्याएवढे श्रम असतात. आजारी हृदयाला ते झेपत नाहीत. अर्धवट पिऊन दमून झोपलेले बाळ पुन्हा थोड्याच वेळात भुकेने रडते. बाळसे धरत नाही. घरात मात्र ‘दूध पुरत नसेल’, ‘दृष्ट लागली असेल’ असे तर्क चालतात. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायला हरकत नाही, पण त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडेही न्यायला हवे.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

● दूध पिताना बाळाला धाप लागणे, कपाळाला घाम येणे, पिता पिता वारंवार थांबणे.
● झोपेतही श्वास भराभर चालणे, बरगड्यांखाली खळगा पडणे.
● वजन न वाढणे.
● छातीत वारंवार कफ होणे, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे.
● ओठ, जीभ किंवा नखे निळसर दिसणे, विशेषतः रडताना.
● मोठ्या मुलाने बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर दमणे, छातीत धडधडते असे सांगणे.

छोटे छिद्र, मोठा आवाज

डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा ठोक्यांच्या बरोबर एक ‘सूं’ असा जादा आवाज येतो. त्याला ‘मर्मर’ म्हणतात. इथे आणखी एक गैरसमज होतो. आवाज मोठा म्हणजे दोष मोठा, असे पालक धरून चालतात. प्रत्यक्षात व्ही.एस.डी.मध्ये अनेकदा उलटे असते. नळाच्या तोंडावर बोट धरले की पाण्याची चिळकांडी जोराने उडते, तसेच छोट्या छिद्रातून रक्त जोराने जाते आणि आवाज मोठा होतो. मोठ्या छिद्राचा आवाज कधी कधी फारसा येतही नाही. शिवाय कित्येक निरोगी मुलांच्या हृदयातही निरुपद्रवी मर्मर ऐकू येतो. म्हणून नुसत्या आवाजावरून घाबरूही नये आणि निश्चिंतही होऊ नये.

खरा उलगडा होतो तो इकोकार्डिओग्राफीने, म्हणजे बोलीभाषेतील ‘इको’ने. ही हृदयाची सोनोग्राफीच. सुई नाही, वेदना नाही, क्ष-किरणही नाहीत. छिद्र कुठे आहे, किती मिलिमीटरचे आहे, रक्त कोणत्या दिशेने जाते आहे, फुप्फुसांवर दाब किती आहे, हे सारे पडद्यावर दिसते. जोडीला ईसीजी आणि छातीचा एक्स-रे काढतात. लहान बाळाचा इको शक्यतो मुलांच्या हृदयविकारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावा, कारण मोठ्यांचे आणि बाळांचे हृदयविकार पूर्णपणे वेगळे असतात.

जन्मानंतर २४ तासांनी बाळाच्या हाताला आणि पायाला एक छोटे यंत्र लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजण्याची पद्धत आता अनेक रुग्णालयांत आहे. गंभीर, निळे पडणारे दोष ओळखायला ही सोपी तपासणी फार उपयोगी पडते. मात्र साधे छिद्र तिच्यात सापडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. घरात आधी कुणाला असा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा नेहमीच्या सोनोग्राफीत शंका आली असेल, तर साधारण १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान पोटातील बाळाच्या हृदयाचा इको करता येतो.

दोष आईचा नव्हे

निदान झाले की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘हे झालेच कसे?’ आणि बहुतेक घरांत बोट आईकडे वळते. ग्रहणात विळी हातात घेतली होती, पपई खाल्ली होती, दिवस भरत आले तरी जड घागर उचलली होती. बाळंतिणीला हे सारे ऐकावे लागते. यांतील एकाही गोष्टीचा छिद्राशी काडीचा संबंध नाही. हृदयाचा पडदा तयार होतो तो पहिल्या दोन महिन्यांत. सातव्या महिन्यात उचललेल्या घागरीने त्याला भोक पडणे शक्यच नाही.

बहुसंख्य मुलांच्या बाबतीत नेमके एक कारण सांगता येत नाही. काही गोष्टींनी धोका वाढतो, एवढे मात्र ठाऊक आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला म्हणजे जर्मन गोवर होणे, आधीपासूनचा आणि काबूत नसलेला मधुमेह, मद्यपान, फिट्सवरची वा मुरुमांवरची काही औषधे, रक्ताच्या नात्यातील लग्न ही त्यांपैकी काही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्या मुलांच्या हृदयात दोष आढळतो, म्हणून अशा प्रत्येक बाळाचा इको व्हायलाच हवा. एका मुलाला दोष असेल तर पुढच्या मुलाला तो असण्याची शक्यता साधारण शंभरात दोन-तीन एवढीच असते. म्हणजे पुढचे मूल निरोगी होण्याचीच शक्यता कितीतरी अधिक.

आईला करता येण्याजोगे उपाय साधे आहेत. मुलींना वेळेवर गोवर-रुबेलाची लस द्यावी, दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे, मधुमेह आटोक्यात ठेवावा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये.

थांबावे की बुजवावे?

या आजारातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. छिद्र सापडले म्हणजे लगेच ऑपरेशन, असे नसते.

पडद्याच्या स्नायूच्या भागातील लहान व्ही.एस.डी. बरेचदा पहिल्या दोन वर्षांत आपोआप बुजतात. न बुजलेले अगदी लहान छिद्रही कित्येकदा जन्मभर काही त्रास देत नाही. ए.एस.डी. ५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तेही बहुतेक वेळा आपले आपण मिटते. ८ मिलिमीटरहून मोठे असेल तर ती आशा कमी. अशा मुलांना ठरावीक मुदतीने इको करून पाहणे, एवढाच उपचार असतो.

बुजवायचेच असेल तर साधारण वेळापत्रक असे : ए.एस.डी. असलेले मूल त्रासाविना वाढत असेल, तर २ ते ४ वर्षांच्या वयात. मध्यम आकाराचे व्ही.एस.डी. १ ते २ वर्षांत. मोठे व्ही.एस.डी. मात्र ३ ते ६ महिन्यांच्या वयात, आणि औषधांनी धाप आटोक्यात येत नसेल तर त्याहूनही आधी. मोठ्या पी.डी.ए.लाही असाच लवकरचा मुहूर्त असतो. तोपर्यंत लघवी वाढवून शरीरातील जादा पाणी कमी करणारी औषधे आणि जास्त उष्मांकाचा आहार यांवर बाळाला सांभाळले जाते.

‘एवढ्याशा जिवाला कुठे कापायचे? जरा अंगाने भरू दे, पाच-सहा वर्षांचा झाला की बघू.’ आजी-आजोबांच्या तोंडचे हे वाक्य मायेपोटी आलेले असते. पण मोठ्या छिद्राच्या बाबतीत ते घातक ठरते. एक तर असे बाळ अंगाने भरत नाही, ते छिद्रामुळेच. दुसरे म्हणजे फुप्फुसांत घड्याळ चालू असते. जादा रक्ताचा मारा सतत सोसून तिथल्या रक्तवाहिन्या हळूहळू जाड आणि कडक होतात. सुरुवातीला यामुळे मूल उलट बरे वाटू लागते. धाप कमी होते, छातीतला कफ थांबतो. घरच्यांना वाटते, गुण आला! प्रत्यक्षात ती धोक्याची घंटा असते. एक दिवस फुप्फुसांतील दाब इतका वाढतो की रक्ताचा प्रवाह उलटा होतो. अशुद्ध रक्त डावीकडे शिरून शरीरभर जाऊ लागते आणि मूल निळे पडते. या अवस्थेला ‘आयझेनमेंगर’ म्हणतात. व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ साली अशा एका ३२ वर्षांच्या रुग्णाचे वर्णन केले होते.

या टप्प्यावर छिद्र बुजवता येत नाही. बुजवले तर दाबाला वाट न मिळून हृदय बंद पडू शकते. काही औषधांनी त्रास कमी करता येतो, पण आजार माघारी फिरत नाही. एकेकाळी साध्या शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होऊ शकणारा जीव असा कायमचा अडकतो. छिद्राच्या आजारात खरी हार होते ती इथे.

बापाच्या रक्तावर चाललेले ऑपरेशन

धडधडते हृदय उघडून आत टाके घालायचे, ही कल्पनाच एकेकाळी वेडेपणाची वाटे. २६ ऑगस्ट १९३८ रोजी बोस्टनमध्ये डॉक्टर रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची उघडी राहिलेली नळी, म्हणजे पी.डी.ए., बांधून टाकली. पण ती हृदयाच्या बाहेर होती. आतल्या पडद्यापर्यंत जायचे तर रक्तप्रवाह थांबवायला हवा, आणि मेंदूला तर चार-पाच मिनिटेही रक्तावाचून राहता येत नाही.

२ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा विद्यापीठात डॉक्टर जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर २८ अंश सेल्सियसपर्यंत थंड केले आणि जेमतेम साडेपाच मिनिटांत ए.एस.डी. शिवून टाकले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर जॉन गिबन यांनी आपल्या हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने १८ वर्षांच्या मुलीचे छिद्र बुजवले.

सर्वांत हृदयस्पर्शी प्रयोग मात्र २६ मार्च १९५४ रोजी मिनेसोटातच झाला. डॉक्टर वॉल्टन लिलेहाय यांच्यासमोर सुमारे वर्षाचा मुलगा होता, व्ही.एस.डी.ने जर्जर झालेला. त्यांनी शेजारच्या टेबलावर त्याच्या वडिलांना झोपवले आणि दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या. मुलाचे हृदय उघडे असताना वडिलांचे हृदय आणि फुप्फुसे दोघांसाठी काम करीत होती! छिद्र बुजले. बाळ मात्र ११ दिवसांनी न्यूमोनियाने दगावले. तरीही हा मार्ग सोडला गेला नाही. या पद्धतीने लिलेहाय यांनी शस्त्रक्रिया केलेल्या ४५ रुग्णांपैकी २८ जण बरे होऊन घरी गेले. त्या दिवसांत दुसरीकडे आशाच नव्हती, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे मोल कळते.

आज हृदय-फुप्फुस यंत्र कुठल्याही हृदयशस्त्रक्रिया केंद्रात असते. ते काही काळ शरीराचा रक्तपुरवठा सांभाळते, तेवढ्यात सर्जन हृदय उघडून छिद्रावर ठिगळ लावतात. हे ठिगळ हृदयाभोवतीच्या आवरणाचे किंवा कृत्रिम कापडाचे असते. गुंतागुंत नसेल तर मूल साधारण आठवड्याभरात घरी जाते. काही महिन्यांचे बाळ मोठ्या छिद्रातून सुटले की त्याचे वजन असे झपाट्याने वाढू लागते की आईचा विश्वास बसत नाही.

छाती न उघडता

सर्वच छिद्रांसाठी छाती उघडावी लागत नाही. १९७५ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे डॉक्टर किंग आणि मिल्स यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून ए.एस.डी. बंद करून दाखवले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळीदार ‘बटणे’ वापरात आली. हा धातू आपला आकार विसरत नाही. बारीक नळीत चेपून नेलेले बटण बाहेर पडताच मूळ आकारात फुलते. त्याची एक चकती पडद्याच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे बसते. काही महिन्यांत त्यावर शरीराचेच अस्तर चढते. छातीवर व्रण नाही आणि मूल दोन-तीन दिवसांत घरी.

पण हे बटण सर्वांना चालत नाही. छिद्र पडद्याच्या मध्यभागी हवे आणि भोवती बटण धरून ठेवण्याएवढी कड हवी. कडेची ए.एस.डी. आणि बरीचशी मोठी व्ही.एस.डी. शस्त्रक्रियेनेच बुजवावी लागतात. ‘शेजारच्या मुलाचे तर पायातून केले’ म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मुलाला निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर ते मात्र आधी सांगावे.

उपचारानंतर काय सांभाळावे?

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मुदतीपर्यंत चुकवू नयेत. बटण बसवल्यावर रक्त गोठू नये म्हणून बहुधा सहा महिने अ‍ॅस्पिरिन देतात. दातांची स्वच्छता फार महत्त्वाची, कारण किडलेल्या दातांतील जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोहोचू शकतात. ठिगळ वा बटण बसवल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत दात काढायचा झाल्यास आधी अँटिबायोटिक घ्यावे लागते. म्हणून दंतवैद्याला हृदयाबद्दल आवर्जून सांगावे. सर्व लसी वेळेवर द्याव्यात. हृदय नाजूक म्हणून लस टाळणे ही चूक आहे. अशा मुलांना न्यूमोनिया आणि गोवर अधिक त्रास देतात, तेव्हा लसीची गरज त्यांना इतरांहून जास्त.

आणि मुलाला काचेच्या कपाटात ठेवू नये. छिद्र वेळेवर बुजले, तपासणी ठीक आली की ते धावू शकते, कबड्डी खेळू शकते, गड चढू शकते. ‘तुझं हृदय कमजोर आहे’ हे वाक्य सतत ऐकत वाढलेले मूल शरीराने बरे होऊनही मनाने आजारी राहते.

मुलगी आहे म्हणून?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचे वर्षभरानंतर काय झाले, हे त्यांनी पाहिले. मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली होती. मुलींपैकी फक्त ४४ टक्क्यांची. आजार तोच, सल्ला तोच.

यामागे पैशाचा हिशेब असतो, तशी व्रणाची भीतीही असते. ‘छातीवर टाक्यांची खूण राहिली तर लग्न कसं जमणार?’ ही चिंता आईबापांच्या मनात पहिल्या दिवसापासून घर करते. खरे तर याचे उत्तर नेमके उलट आहे. वेळेवर छिद्र बुजलेली मुलगी संसार करू शकते, आणि तपासणी ठीक असेल तर बाळंतपणही सहसा सुखरूप पार पडते. छिद्र न बुजवता आयझेनमेंगरपर्यंत पोहोचलेल्या स्त्रीला मात्र गर्भारपण जिवावर बेतू शकते. डॉक्टर अशा स्त्रियांना दिवस राहू देऊ नका, असेच बजावतात. छातीवरची एक रेघ लपवण्यासाठी मुलीचे आयुष्य पणाला लावायचे, हा व्यवहार कुठल्याही घराला परवडणारा नाही. लग्न ठरवताना ही गोष्ट दडवूही नये. बरा झालेला आजार सांगण्यात कमीपणा कसला?

पैशाची सोय

खर्चाचा आकडा ऐकून परत फिरणाऱ्या पालकांनी आधी सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाली. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणी होते, आणि जन्मजात हृदयदोष आढळल्यास पुढील उपचार मोफत होण्याची तरतूद आहे. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तर केरळमध्ये २०१७ पासून ‘हृद्यम’ हा खास हृदयदोष असलेल्या मुलांसाठीचा कार्यक्रम चालतो. नवी मुंबईतील खारघर, छत्तीसगडमधील नवा रायपूर आणि हरियाणातील पलवल येथील श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालयांत मुलांच्या हृदयावर मोफत उपचार होतात.

जाताना बाळाचे सर्व कागद, विशेषतः आजवरचे इकोचे अहवाल, एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून न्यावेत. डॉक्टरांना तीन प्रश्न नेमके विचारावेत : छिद्र कुठे आणि किती मोठे आहे? फुप्फुसांवरचा दाब किती आहे? आणि ते बुजवायचे असेल तर कोणत्या महिन्यापर्यंत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल करावा. सटवाईने पाचव्या दिवशी बाळाच्या कपाळी काय लिहिले ते कुणाला वाचता येत नाही. कॅलेंडरवरची ही तारीख मात्र आईबापांना वाचता येते आणि पाळताही येते.